मेजर ए : दवाखान्यासाठी मतं मागताना

४ नोव्हेंबर २०२५ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीच्या मतदारांनी स्वतःवरचा कर आपल्याच हाताने वाढवून घेतला. ही काउंटी म्हणजे सिलिकॉन व्हॅलीचा मुख्य भाग. सॅन होजे, सनीव्हेल, कुपर्टिनो, मिलपिटासपासून दक्षिणेला गिलरॉयपर्यंत पसरलेली, सुमारे १९ लाख वस्तीची. सेल्स टॅक्समध्ये ०.६२५ टक्क्यांची वाढ, मुदत पाच वर्षं, अंदाजे उत्पन्न वर्षाला ३३ कोटी डॉलर आणि कारण सरकारी रुग्णालयं. मतपत्रिकेवर या प्रस्तावाचं नाव होतं ‘मेजर ए’.

मी सनीव्हेलला राहते. या मोहिमेत मी स्वयंसेवक म्हणून फोन केले, दारं ठोठावली, पत्रकं वाटली. पुण्याच्या मावशीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “कर वाढवायला तिकडे लोकांना विचारतात? आणि लोक हो म्हणतात?” विचारावंच लागतं, कायदाच तसा आहे. लोक हो का म्हणाले, ते मात्र निकालाच्या बातमीत आलं नाही. म्हणून हे किस्से.

पाच आठवड्यांची धावपळ

४ जुलै २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये ‘बिग ब्यूटिफुल बिल’ म्हणून गाजलेल्या कायद्यावर सही झाली. त्यात मेडिकेडला, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याला मोठी कात्री लागली. कॅलिफोर्नियात या विम्याला मेडी-कॅल म्हणतात. आमच्या काउंटीत चारांपैकी एक माणूस मेडी-कॅलवर आहे. नव्या कायद्याने अनेक प्रौढांना महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा द्यावा लागणार आणि दर सहा महिन्यांनी पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागणार. कागद अडकला की विमा गेला. विमा गेला तरी माणूस आजारी पडायचा थांबत नाही. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार इमर्जन्सीत आलेल्या रुग्णाला पैशांअभावी परत पाठवता येत नाही. शिवाय निराधारांची काळजी घेण्याची जबाबदारी राज्याच्या कायद्याने काउंटीवरच टाकलेली आहे. उपचार करायचेच आहेत आणि पैसे देणारा मागे हटला आहे, अशी ती कोंडी होती. वर्षाला १०० कोटी डॉलरहून अधिक फटका बसेल, असा काउंटीचा हिशेब होता.

नोव्हेंबरच्या मतपत्रिकेत विषय घालायचा तर मतदानाआधी ८८ दिवस तो दाखल व्हावा लागतो. ८८ दिवस मागे मोजले की ८ ऑगस्ट येतो. काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पाच निवडून आलेल्या सुपरवायझरांच्या मंडळाने ७ ऑगस्टला ठराव केला. सही ते ठराव, मध्ये जेमतेम पाच आठवडे. काउंटीचे मुख्य प्रशासक जेम्स विल्यम्स हे त्याआधी काउंटीचे मुख्य वकील होते. या पाच आठवड्यांत डॉक्टरांइतकाच वकिलांचाही कस लागला, त्यामुळे ती जुनी ओळख उपयोगी पडली असणार, असं मला वाटतं.

कारण पैसे उभे करायला दारंच कमी आहेत. घरपट्टी वाढवायची तर १९७८ चा ‘प्रपोझिशन १३’ आडवा येतो. त्याने मालमत्ता कर एक टक्क्यावर आणि मूल्यांकनातली वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर बांधून ठेवली. काउंटीला स्वतःचा आयकर लावायला राज्याची मनाई. जमिनीच्या तुकड्यावर ठरावीक कर लावायचा तर दोन तृतीयांश मतं हवीत. उरला सेल्स टॅक्स.

त्यातही एक गोम आहे. ‘हा पैसा फक्त रुग्णालयांसाठी’ असं कायद्याने बांधून घेतलं की तो विशेष कर ठरतो आणि त्याला दोन तृतीयांश मतं लागतात. पैसा काउंटीच्या सामान्य तिजोरीत जाणार असेल तर तो सर्वसाधारण कर, त्याला निम्म्याहून एक मत जास्त पुरतं. काउंटीने दुसरा रस्ता धरला. पण सर्वसाधारण कर सुपरवायझरांच्या नेहमीच्या निवडणुकीबरोबरच मांडावा लागतो आणि २०२५ हे त्या निवडणुकीचं वर्ष नव्हतं. अपवाद एकच. मंडळाने एकमताने आणीबाणी जाहीर केली तर चालतं. पाचपैकी एकानेही ‘नाही’ म्हटलं असतं तर मेजर ए जन्मालाच आला नसता. पाचही हात वर गेले.

आणखी एक योग जुळून आला. काउंटीचे जुनेजाणते असेसर, म्हणजे मालमत्तेचं मूल्यांकन करणारे अधिकारी, लॅरी स्टोन जुलैच्या आरंभी निवृत्त झाले होते आणि त्यांच्या रिकाम्या जागेसाठी ४ नोव्हेंबरला निवडणूक होणारच होती. पुढे ऑगस्टच्या उत्तरार्धात राज्याने मतदारसंघ फेररचनेचा ‘प्रपोझिशन ५०’ त्याच दिवसावर आणून ठेवला. एरवी सामसूम राहिला असता असा दिवस एकदम गजबजला. आमच्यासारख्या स्वयंसेवकांना याचा फायदा आणि तोटा दोन्ही झाले. लोक टपालाने आलेल्या मतपत्रिकेचा लिफाफा उघडत होते, पण फेररचनेवरून ट्रम्प आणि राज्याचे गव्हर्नर यांच्यात चाललेल्या भांडणात आमच्या रुग्णालयांकडे त्यांचं लक्ष वळवणं अवघड जात होतं.

पंचाहत्तर शब्द

स्थानिक प्रस्तावाचा प्रश्न मतपत्रिकेवर जास्तीत जास्त ७५ शब्दांत मांडायचा, असा राज्याचा नियम आहे. त्या ७५ शब्दांतच कराचा दर, वर्षाचं अंदाजे उत्पन्न आणि मुदत सांगावी लागते. म्हणजे सगळा प्रपंच मांडायला जागा मुठीएवढी. बहुसंख्य मतदार स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिफाफा उघडून तेवढंच वाचतात आणि गोल काळा करतात. आमची पत्रकं, फोन, भाषणं या सगळ्यांहून त्या परिच्छेदाचं वजन जास्त, हे मोहिमेतल्या अनुभवी लोकांनी आम्हाला पहिल्याच बैठकीत सांगितलं.

नावाचाही घोळ होता. २००८ मध्ये रुग्णालयाच्या इमारती भूकंपाला टिकतील अशा करण्यासाठी ८४ कोटी डॉलरचे रोखे काढायचे होते, तो ‘मेजर ए’. २०१२ मध्ये सेल्स टॅक्स एक अष्टमांश टक्क्याने वाढला, तोही ‘मेजर ए’. २०१६ मध्ये परवडणाऱ्या घरांचे रोखे, पुन्हा ‘मेजर ए’. २०१८ मध्ये २०१२ च्या कराची मुदत काढून टाकली, तेव्हाही ‘मेजर ए’. फोनवर जुने मतदार म्हणायचे, “अहो, याला आम्ही मागेच मत दिलंय.” मग शांतपणे सांगायचं, तो वेगळा, हा वेगळा.

पण ही जुनी आठवण आमच्या कामी यायची. २००८ च्या रोख्यांना दोन तृतीयांश मतं लागत होती आणि प्रत्यक्षात तीन चतुर्थांशांहून जास्त पडली. तेही जागतिक मंदीच्या ऐन तोंडावर. त्या पैशातून व्हॅली मेडिकल सेंटर या काउंटीच्या रुग्णालयाची नवी इमारत, सोब्राटो पॅव्हिलियन, उभी राहिली. “ती इमारत तुमच्या मताने झाली,” असं सांगितलं की पलीकडचा आवाज बदलायचा. आपण दिलेल्या कराचं काय झालं, हे माणसाला क्वचितच कोणी सांगतं.

बिल्ला काढून या

मोहिमेत नर्स बऱ्याच होत्या. संध्याकाळची पाळी संपवून, कधी रात्रपाळीच्या आधी, त्या फोन करायला बसायच्या. त्यांच्यासाठी एक कडक सूचना असे : काउंटीचा बिल्ला काढून या, गणवेशात यायचं नाही, काउंटीचा फोन, गाडी, ईमेल यातलं काही वापरायचं नाही.

याच्या मागे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा ‘स्टॅन्सन विरुद्ध मॉट’ हा निकाल आहे. सरकारी पैसा वापरून मतदारांना ‘या बाजूने मत द्या’ असं सांगता येत नाही. सरकारी यंत्रणेने माहिती द्यावी, प्रचार करू नये. म्हणून काउंटीने आपल्या पत्रकात किती तूट येणार, कोणत्या सेवा चालतात, एवढंच छापायचं आणि मत मागायचं काम त्याच माणसांनी आपल्या वेळात, आपल्या खिशातून करायचं.

एक वयस्क नर्स माझ्या शेजारी बसायची. तिला एका मतदाराने फोनवर विचारलं, “तुम्ही स्वतः तिथे काम करता ना? म्हणजे हा तुमच्या पगाराचा प्रश्न आहे.” ती म्हणाली, “हो, मी तिथेच काम करते. माझ्यासारख्या नर्सला दुसरीकडे उद्या नोकरी मिळेल. माझ्या वॉर्डातल्या माणसाला दुसरं रुग्णालय मिळणार नाही.” पलीकडून बराच वेळ काही उत्तर आलं नाही. मग त्या माणसाने लिफाफा कुठे टाकायचा ते विचारलं. तिने मला नंतर एवढंच सांगितलं की आपण काय आहोत ते लपवायचं नाही, लोकांना ते कळतं.

“आमचा विमा आहे की”

भारतीय वस्तीत फिरताना हे वाक्य सर्वांत जास्त ऐकू यायचं. कंपनीचा चांगला विमा, घराजवळ खासगी रुग्णालय. मग सरकारी रुग्णालयाशी आपला संबंध काय?

याला माझ्याकडे एकच उत्तर असे आणि ते भूगोलाचं होतं. १०१ किंवा २८० हायवेवर अपघात झाला तर ॲम्ब्युलन्स विम्याचं कार्ड पाहून दिशा ठरवत नाही, ती ट्रॉमा सेंटर गाठते. काउंटीत सर्वांत वरच्या दर्जाची ट्रॉमा सेंटर दोन : पालो आल्टोचं स्टॅनफर्ड आणि सॅन होजेचं सरकारी व्हॅली मेडिकल. भाजलेल्यांसाठीचा विशेष विभाग आणि मणक्याच्या दुखापतींनंतरचं पुनर्वसन ही तर व्हॅली मेडिकलची जुनी ओळख. १८७६ पासून चालत आलेली ही संस्था आहे. गरिबांचा दवाखाना म्हणून ज्याच्याकडे आपण पाहत नाही, तिथेच आपला जीव वाचवायची सोय असते.

सॅन होजेच्या पूर्व भागातल्या लोकांना हे सांगावं लागलं नाही. त्यांनी ते भोगलं होतं. शहराच्या मध्यातलं सॅन होजे मेडिकल सेंटर २००४ मध्ये बंद झालं. पूर्वेचं रीजनल मेडिकल सेंटर एचसीए या खासगी कंपनीकडे होतं. २०२० मध्ये तिथला प्रसूती विभाग बंद झाला, पुढे ट्रॉमा सेवाही आवरती घेण्याचं ठरलं. लोक रस्त्यावर उतरले. शेवटी काउंटीने ते रुग्णालय विकत घेतलं आणि १ एप्रिल २०२५ पासून चालवायला घेतलं. त्याआधी २०१९ मध्ये दिवाळखोरीत निघालेल्या व्हेरिटी हेल्थकडून ओकॉनर आणि गिलरॉयचं सेंट लुईस ही दोन रुग्णालयं काउंटीने अशीच घेतली होती. म्हणजे खासगी व्यवस्थेने सोडून दिलेली तीन रुग्णालयं जनतेने पदरात घेतली. चौथं व्हॅली मेडिकल. रीजनल ताब्यात येऊन तीन महिने होतात न होतात तोच वॉशिंग्टनचा कायदा आला.

कुपर्टिनोतल्या एका मराठी घरातला प्रसंग मी विसरणार नाही. गृहस्थांनी दारातच मला अर्धा तास ऐकवलं. कर किती भरायचे, फुकट खाणाऱ्यांना किती पोसायचं. बोलणं तिखट होतं, पण माणूस सज्जन. चहा घेतल्याशिवाय त्यांनी जाऊ दिलं नाही. ते फोन घ्यायला आत गेले तेव्हा त्यांच्या सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. ग्रीन कार्डावर मुलीकडे राहणाऱ्या. त्यांनी पर्समधून एक कार्ड काढून दाखवलं. मेडी-कॅलचं. “माझं डायबेटीसचं, गुडघ्याचं सगळं यावरच होतं हो,” त्या हळूच म्हणाल्या. “त्यांना वाटतं, ते वेगळं आणि हे वेगळं.”

जावई परत आले. सासूबाईंनी कार्ड लपवलं नाही, तसंच हातात धरून ठेवलं. आम्ही तिघं त्यावर बोललो. कोणी कोणाला दोष दिला नाही. आपल्याकडच्या कितीतरी घरांत आई-वडिलांचा औषधपाण्याचा आधार हाच आहे. राज्याने ठरवलेल्या नियमांत बसून, हक्काने मिळालेला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटते म्हणून त्याविषयी बोलायचं नाही आणि बोलत नाही म्हणून ते वाचवायला उभं राहायचं नाही, हे मात्र बरोबर नाही. त्या गृहस्थांनी मत काय दिलं ते मी विचारलं नाही. निघताना त्यांनी माझ्याकडून आणखी चार पत्रकं मागून घेतली.

दिवाळी आणि लिफाफे

मतपत्रिका ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घरोघरी टपालाने गेल्या आणि दिवाळी आली २० ऑक्टोबरला. आम्ही काही मराठी स्वयंसेवक दिवाळीच्या कार्यक्रमांना जाऊन उभे राहायचो. एका ठिकाणी आयोजकांनी आत टेबल लावू दिलं नाही. आनंदाच्या कार्यक्रमात राजकारण नको, म्हणाले. त्यांचंही बरोबर असेल. आम्ही पार्किंगमध्ये उभे राहिलो.

तिथे भेटले त्यांतल्या अनेकांना मताचा अधिकारच नव्हता. एच-वन व्हिसावर आलेले, ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-पंधरा वर्षं काढलेले. एक तरुण म्हणाला, “ताई, कर मीही भरणार ना? मग माझं मत कुठे?” त्याला द्यायला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हतं. सेल्स टॅक्स दुकानात कोणाचंही नागरिकत्व विचारत नाही. तोच पुढे म्हणाला, “पण आई-बाबा दर वर्षी इकडे येतात. प्रवासी विम्यावर. त्यांना काही झालं तर मला हे रुग्णालय हवंय.” मग त्याने आपल्या नागरिक झालेल्या मित्रांची यादी केली आणि एकेकाला फोन लावले. त्या पार्किंगमध्ये आमच्यापैकी सर्वांत जास्त मतं बहुधा त्यानेच मिळवली.

हिशेबाचे प्रश्न खूप यायचे, कारण आपली माणसं हिशेबाला पक्की. हजार डॉलरच्या खरेदीवर सव्वासहा डॉलर जास्त. वाणसामानावर कॅलिफोर्नियात हा कर नाही, डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांवरही नाही. “गाडी शेजारच्या काउंटीतून घेईन,” असं म्हणणाऱ्यांना सांगावं लागे की गाडीचा कर नोंदणीच्या पत्त्यावरून ठरतो, शोरूमच्या पत्त्यावरून ठरत नाही.

विरोधकांचे दोन मुद्दे

विरोधात बोलणारे सगळेच स्वार्थी होते असं मी म्हणणार नाही. त्यांचे दोन मुद्दे मला आजही वजनदार वाटतात.

पहिला : सेल्स टॅक्स गरिबाला जास्त बोचतो. त्याची कमाई जवळजवळ सगळी खर्च होते, श्रीमंताची होत नाही. ज्यांच्यासाठी कर, त्यांच्याच खिशाला तो अधिक लागतो. याला उत्तर एवढंच की अधिक न्याय्य कराची दारं राज्याच्या कायद्याने काउंटीला बंद केली आहेत.

दुसरा मुद्दा त्याहून मोठा. पैसा सामान्य तिजोरीत जाणार. सुपरवायझरांनी उद्या तो दुसरीकडे वळवला तर कायदा त्यांना अडवू शकत नाही. एका निवृत्त हिशेबनिसाने मला पत्रकावर बोट ठेवून विचारलं होतं, “इथे दवाखान्याचं नाव आहे. कायद्यात ते बंधन दाखवा.” मी त्यांना सांगितलं की बंधन नाही, शब्द आहे. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “मग तुमच्यासारख्यांनी तो शब्द पाळून घ्यावा लागेल.”

रात्री आठनंतर

कॅलिफोर्नियात मतदान रात्री आठला संपतं आणि आधी पोहोचलेल्या टपाली मतांचा पहिला आकडा काही मिनिटांत येतो. त्या आकड्यातच मेजर ए पुढे होता. मोजणी पुढे बरेच दिवस चालली. मतदानाच्या दिवसापर्यंत टपालात पडलेलं मत सात दिवसांत पोहोचलं तरी धरलं जातं. अखेर सुमारे ५७ टक्के मतदार बाजूने होते.

खोलीत आनंद झाला, लोक रडले, एकमेकांना भेटले. पण तोच आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवा. रुग्णालयांसाठी बांधून घेतलेला विशेष कर असता तर ६६.७ टक्के लागले असते आणि आम्ही सपशेल हरलो असतो. सर्वसाधारण कराची वाट निवडली म्हणून रुग्णालयं तरली आणि त्याच वाटेने तो पैसा बंधनाविना तिजोरीत जातो. दोन्ही गोष्टी एकदमच पदरात पडल्या आहेत.

नवा दर १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. ज्या शहरांचा स्वतःचा वेगळा कर नाही तिथे ९.१२५ टक्क्यांचे ९.७५ झाले. वर्षाला ३३ कोटी येतील, तूट १०० कोटींच्या वरची आहे. म्हणजे भगदाडाचा तिसरा हिस्सा बुजेल. उरलेल्यासाठी काटकसर, राज्य सरकार आणि वॉशिंग्टनचं बदललेलं मन यांच्यावर भिस्त आहे. हा कर ३१ मार्च २०३१ ला संपेल.

मत देऊन आपलं काम झालं, असं मला वाटत नाही. काउंटीचा अर्थसंकल्प दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर सुनावणीला येतो. सॅन होजेत ७० वेस्ट हेडिंग स्ट्रीटच्या सभागृहात त्यावर उघड चर्चा होते आणि राज्याच्या ब्राउन कायद्यामुळे तिथे कोणालाही उभं राहून बोलता येतं. त्यासाठी मतदार असावं लागत नाही, नागरिक असावं लागत नाही, कोणता व्हिसा आहे तेही कोणी विचारत नाही. पार्किंगमध्ये भेटलेल्या त्या तरुणालाही तिथे बोलायचा पूर्ण हक्क आहे.

म्हणून काउंटीत राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला माझी विनंती आहे. या पाच वर्षांत एकदा तरी त्या सुनावणीला जा. ‘मेजर ए’चे किती पैसे आले, त्यातले किती चार रुग्णालयांना गेले, हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.